बोटावरचा तंगूस

मालदीवला सगळे मिळून निघालाय हे तुझ्या बाबाकडून कळलं. विमान, हॉटेल, पाण्यावरची खोली हे तुम्ही मुलांनी चोख पाहिलं असणार, त्यात मला काही सांगायचं नाही. पण कार्यक्रमात एका संध्याकाळी ‘मासेमारी’ लिहिलंय म्हणे. तेवढ्यावर मात्र बोलणार आहे. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्या होत्या, तरी तू वाढलीस पुण्यात. तुला सुरमईची गादा कळते, गरी कळत नाही. त्यात तुझा धाकटा, तुझी थोरली, जावईबापू आणि सासूबाई एवढा सगळा लवाजमा. तेव्हा निघण्याआधी शांतपणे वाच. त्या समुद्रावर मी मुलाबरोबर गेलेली आहे आणि गरवायला माझ्या वडिलांनी देवगडला शिकवलंय. दोन्हीकडचं मिळून सांगते.

पहिली गोष्ट, कुठली सफर घ्यायची. तिथे तुमच्यापुढे दोन तऱ्हेचे कागद ठेवतील. एक मोठ्या पांढऱ्या स्पीडबोटीचा. मागे जाडजूड रॉड लावलेले, मधे पट्ट्यांची खुर्ची आणि मार्लिन, सेलफिश, वाहू, पिवळ्या पराचा कुपा यांचे फोटो. ती घेऊ नकोस. त्यात बोट धावत असते आणि आमिष मागे पाण्यातून ओढत नेतात. मासा गरीला लावायचं काम खरं तर इंजिन करतं. लागलाच मासा तर खुर्चीवर एक जण बसतो आणि बाकीचे धुराच्या वासात उलट्या आवरत बघत राहतात. चार-चार तास काहीच लागत नाही असंही होतं. एकट्या हौशी माणसाला ते ठीक, पण कुटुंबाच्या सहलीत एकाची चंगळ आणि चार जणांची शिक्षा असा तो प्रकार आहे. जावईबापूंना तेच हवं असेल तर त्यांनी एका सकाळी एकट्यानं जावं, आणि मार्लिन किंवा सेलफिश लागलाच तर फोटो काढून परत सोडायला आधीच सांगून ठेवावं.

दुसरा कागद साधा असतो: संध्याकाळची किंवा रात्रीची मासेमारी, धोणीवरून, हातदोरीनं. हीच घ्यायची. धोणी म्हणजे तिथली पारंपरिक होडी. नाळ उंच वळलेली, पोट रुंद, आता डिझेल इंजिन बसवलेली. प्रवाळाच्या कडेला नेऊन ती उभी करतात, इंजिन बंद करतात आणि प्रत्येकाच्या हातात एकेक गुंडाळी देतात. सहा वर्षांच्या पोराला आणि सत्तरीच्या म्हातारीला तीच गुंडाळी. मासा कुणाच्या गरीला लागेल याचा वशिला चालत नाही, म्हणून ही सफर घरच्यांसोबत करण्यासारखी.

आता वेळेचं. तुम्ही शाळेच्या सुट्टीत जाणार, म्हणजे मे महिना किंवा दिवाळी. तिथे वर्षाचे दोन भाग. जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत ईशान्येचा वारा, त्याला ते इरुवाई म्हणतात. समुद्र तेव्हा बरा शांत असतो. मेपासून नैर्ऋत्येचा, तो हुळंगु. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात जे ढग दिसतात, त्याच वाऱ्याची तिथे मेमध्येच सुरुवात झालेली असते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवतात, यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. तिथे तशी बंदी नसते, त्यामुळे पर्यटकांना लाटा असतानाही नेतात. दर वेळी धोका असतो असं नाही, पण पोट ढवळतं. म्हणून मेमध्ये गेलात तर आगाऊ पैसे भरून दिवस पक्का करू नका. पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत समुद्र बघा आणि मग ज्या दिवशी पाणी बसलेलं दिसेल त्या दिवशी जा. आणि एक नेमका प्रश्न विचारा: बोट कंकणद्वीपाच्या आतल्या पाण्यात उभी करणार की बाहेरच्या कडेला? नैर्ऋत्येच्या दिवसांत आतलं पाणी किंवा पूर्वेची बाजू बरी. बाहेरच्या कडेला मोठे मासे मिळतात हे खरं, पण तुझ्या धाकट्याला त्या माशाशी काय करायचंय?

घड्याळाचा एक घोळ आधीच समजून घे. माले शहराची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. पण बरीच रिसॉर्टं स्वतःची वेळ एक तास पुढे ठेवतात, म्हणजे सूर्य उशिरा मावळल्यासारखा वाटावा. तुमचा मोबाइल आपोआप मालेची वेळ दाखवणार, आणि धोणी सुटणार रिसॉर्टच्या वेळेनं. तासाचा फरक म्हणजे गोदीवर उभं राहून गेलेल्या धोणीची पाठ बघायची. जेवणाच्या खोलीतलं घड्याळ बघा, मोबाइलचं नको. अंधार तिथे झटकन पडतो. विषुववृत्त जवळ, त्यामुळे तिन्हीसांज लांबत नाही. सूर्य गेला की अर्ध्या तासात काळोख. मासा तोंड घालतो तो याच वेळी, म्हणून उशीर परवडत नाही.

शुक्रवार टाळलास तर बरं. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि शुक्रवारी दुपारची नमाज. रिसॉर्टमध्ये फारसा फरक पडत नाही, पण मुलांना खरी वस्ती दाखवायची म्हणून गावातल्या गेस्टहाउसात राहणार असाल तर पडतो. सूर्य मावळताना खलाशांपैकी एखादा बाजूला होऊन नमाज पढेल. तेवढा वेळ मोठ्यानं गाणी लावू नका, फोटो काढू नका. रमजान असेल तर ते दिवसभर उपाशी असतात. त्या दिवशी रोजा सोडायची वेळ होऊ द्या, मग त्यांच्याकडे दोऱ्या मागा. खजूर तुम्हालाही देतील, घ्या. गावात राहिलात तर गुडघे-खांदे झाकलेले कपडे, आणि दारू तिथे मिळतच नाही. ती फक्त रिसॉर्टमध्ये आणि पर्यटकांच्या मोठ्या बोटींवर. पण रिसॉर्टमध्ये राहिलात तरी सांगते, धोणीवर चढण्याआधी एक ग्लाससुद्धा नको. उतरल्यावर काय ते.

मधेच सुचलं म्हणून: प्रवासाच्या बॅगेत देव्हाऱ्यातला गणपती किंवा बाळकृष्ण टाकायची तुझ्या सासूबाईंना सवय आहे. पूजेची मूर्ती तिथे न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून ठेवतात. समुद्रात उतरण्याआधी नारळ वाहायचं आपल्याला सुचतं, तेही मनातल्या मनात हात जोडून उरकावं.

पोटाचं आता नीट सांगते, कारण अर्धी सफर पोटावर असते. रिकाम्या पोटी जाऊ नये आणि भरल्या पोटीही. चार वाजता साधं काहीतरी: पाव, केळं, मऊ भात. तळलेलं, क्रीमवालं, थंड दूध नको. ज्याला बस लागते त्याला समुद्र लागणारच, हे धरूनच चाल. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी निघण्याआधी तास-अर्धा तास घ्यायची असते. धोणी हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, ती वर येते. झोप येते तिच्यानं, हे खरं. मुलांना किती आणि द्यायची की नाही हे इथूनच डॉक्टरांना विचारून जा, तिथे हॉटेलच्या दुकानात नको. आल्याचा तुकडा मीठ लावून जवळ ठेव, निदान तोंडाची चव टिकते.

बसायचं कुठे? नाळेवर नाही. तिथे वारा छान लागतो आणि फोटो छान येतो, म्हणून मुलं तिकडे धावतात, पण धोणी सगळ्यात जास्त उचलते ती तिथेच. मधोमध, जरा मागे, पण इंजिनाचा धूर तोंडावर येणार नाही अशा बाजूला. खरी परीक्षा धोणी धावताना नसते, ती उभी राहिल्यावर सुरू होते. उभी होडी डोलते. त्याच वेळी सगळे मान खाली घालून गरीला आमिष लावत असतात, आणि तिथेच पोट सुटतं. म्हणून पहिल्यांदा आमिष खलाशालाच लावू दे. तू क्षितिजाकडे बघ, आणि मोबाइल तर खिशातून बाहेर काढूच नका. कुणाला झालंच तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, कठड्याला धरून, मागे कुणीतरी कमरेला धरलेलं. लाज कसली, आमच्या होडीवर चांगल्या दणकट गड्यांचं झालेलं पाहिलंय. चूळ भरायची, पाण्याचा एकच घोट घ्यायचा आणि पुन्हा दोरी हातात घ्यायची. हाताला काम मिळालं की पोट विसरतं, हा माझ्या वडिलांचा उपाय.

लहान धोणीवर संडास असेलच असं नाही. चढण्याआधी विचार, आणि उत्तर काहीही आलं तरी सगळ्यांना गोदीवरून जाऊन यायला लाव. चपला बहुतेक धोणीवर काढूनच चढायचं असतं. फळ्या ओल्या होतात, आमिषाचं पाणी सांडतं, घसरतं. पाय अनवाणी असले तर पकड राहते. मुलांना लाइफ जॅकेट पहिल्यापासून शेवटपर्यंत. खलाशी घालत नाहीत म्हणून आपण काढायचं असं नाही. ते पोहायला चालण्याआधी शिकलेले असतात. जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का, ते गोदीवरच घालून, खांद्याला धरून वर ओढून बघ. हनुवटीच्या वर सरकलं तर दुसरं माग. परतीला वारा गार लागतो, प्रत्येकाला एक लांब बाह्यांचा जुना सदरा घे. जुनाच घे. आमिष असतं कुप्याच्या मांसाचं नाहीतर माकुलाचं, आणि त्याचा वास पहिल्या धुण्यात जात नाही.

आता दोरी.

गुंडाळीवर जाड तंगूस असतो, टोकाला शिसं, त्याच्या जवळ एक किंवा दोन गऱ्या. आधी आपल्या पायाजवळ फळीवर तंगूस सैल वेटोळ्यांत सोडायचा आणि त्या वेटोळ्यांवर पाय द्यायचा नाही. नाहीतर मासा ओढतो तेव्हा दोरी पायाभोवती आवळते. मग शिसं अलगद पाण्यात सोड. फेकू नकोस, शेजारी तुझी मुलं आहेत, आणि फेकलेली गरी कुणाच्या कानात बसेल सांगता येत नाही. दोरी बोटांमधून जाऊ दे. दहा-वीस वाव पाणी असतं तिथे. शिसं तळाला टेकलं की दोरी एकदम सैल पडते. ते कळलं नाही तर पुन्हा वर घेऊन पुन्हा सोड. तळ कळल्याशिवाय पुढचं काही नाही. टेकलं की लगेच एक ते दोन वाव वर घे. तळाला ठेवलंस तर शिसं प्रवाळात अडकतं, आणि अडकलेली दोरी तोडावी लागते.

आता तंगूस उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर नुसता टेकवायचा. मुठीत घट्ट धरायचा नाही आणि हाताला कधीही, कधीही गुंडाळायचा नाही. हे एवढं एक धाकट्याकडून तीनदा म्हणून घे. अंगठ्याएवढा मासा असेल तर काही होत नाही, पण खालून एखादा मोठा जॅक किंवा बाराकुडा आला तर गुंडाळलेल्या तंगुसानं बोट हाडापर्यंत कापतं. हातमोजे देतात का विचार. देत नसतील तर प्रत्येकाला एक जुना सुती मोजा घेऊन जा.

बोटावर जे येतं ते ओळखायला थोडा वेळ लागतो. टिकटिक, टिकटिक असं बारीक हललं तर लहान मासे आमिष कुरतडतायत. त्यावर झटका द्यायचा नाही, आमिष जाईल फक्त. एक टिचकी, मग थांबून नीट ओढ लागली की तेव्हा हात खांद्यापर्यंत वर न्यायचा. एकच झटका. तांबोशी बहुतेक असा खातो. गोबऱ्याचं वेगळं. तो एकदम गिळतो आणि आपल्या बिळात शिरतो. म्हणून जड आणि ठाम ओढ लागली तर विचार न करता दोन-तीन वाव दोरी पटापट वर घ्यायची, त्याला तळापासून सोडवायचं. एकदा तो कपारीत शिरून कल्ले फुलवून बसला की तुमच्या धोणीवरचे सगळे मिळूनही काढू शकणार नाहीत.

वर घेताना हातावर हात, सावकाश, दोरी सैल पडू न देता. माशानं जोर केला तर बोटं सैल करून जाऊ दे, परत घे. कठड्याशी आला की स्वतः उचलू नकोस. मोठ्यानं सांग, खलाशी येईल. गरी काढायची तीही त्यानंच. मुलांना माशाला हात लावायची घाई असते. त्यांना सांग, आधी नाव विचारायचं आणि मगच हात लावायचा.

याचं कारण आहे. संध्याकाळी पहिल्यांदा बहुतेक लाल रंगाचे, मोठ्या डोळ्यांचे छोटे मासे येतात. दिसायला गोड, पण कल्ल्यावर काटे असतात. शेपटीच्या बुडाशी सुरीसारखं पातं असलेला सर्जन मासा येतो. पिसासारखे काटे फुलवलेला सिंहमासा क्वचित येतो, त्याचे काटे विषारी. केंड येतो, फुगून बसतो, पोरं त्यावर लगेच भाळतात. त्याला लगेच पाण्यात सोडायचा, त्याचं मांस विषारी. वामासारखा लांब मोरे आला तर सगळ्यांनी मागे सरायचं आणि खलाशाला दोरी कापू द्यायची. काटा टोचलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवतात, विष उष्णतेनं ढिलं पडतं, आणि मग डॉक्टर. गरम म्हणजे चटका बसणारं नाही. ज्याला टोचलंय त्याला वेदनेत कळत नाही, म्हणून दुसऱ्यानं हात घालून बघायचं. गरी हातात घुसली तर उलटी ओढायची नाही. तिला मागे काटा असतो, मांस फाटतं. तंगूस कापायचा, गरी तशीच ठेवून पट्टी बांधायची आणि किनाऱ्यावर डॉक्टरकडे. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते प्रत्येकाचं लिहून ने.

मुशीचं पिल्लू लागलं तर जावईबापू खूश होतील. आपल्याकडे मोरीचं, म्हणजे मुशीचंच, मटण आवडीनं खातात, पण तिथे २०१० पासून मुशी मारायला बंदी आहे. पाकट आणि कासवालाही हात लावायचा नाही. मूश धोणीवर घ्यायचीच नाही, पाण्यातच दोरी कापायची. मासे मारायची भाल्याची बंदूक नेऊ नका, ती विमानतळावरच अडवतात. परत येताना प्रवाळाचा तुकडा किंवा कासवाच्या पाठीची वस्तू कुणी कितीही प्रेमानं दिली तरी घ्यायची नाही. छोटे मासे ठेवायचे नाहीत, पण सोडायचे तर कोरड्या हातानं पकडू नका, अंगावरचा बुळबुळीत थर जातो. खोल पाण्यातून वर आणलेल्या माशाचं पोट फुगतं, असा मासा सोडला तरी वरच तरंगत राहतो. म्हणून पुरेसे झाले की दोऱ्या गुंडाळा. ‘अजून एक’ म्हणत बसू नका. आणि तुटलेला तंगूस पाण्यात टाकायचा नाही, खिशात ठेवायचा.

सासूबाई शाकाहारी. त्या येणार नाहीत म्हणाल्या तर जबरदस्ती करू नका, पण ‘तुम्हाला जमणार नाही’ असंही कुणी म्हणू नका. त्यांना मधल्या बाकावर उशी देऊन बसव, हातात दोरी देऊ नकोस. त्यांच्यासाठी आभाळ आहे. देवगडला ध्रुव क्षितिजापासून सोळा अंश वर असतो. मालेच्या आसपास तो जेमतेम चार अंशांवर, समुद्राच्या धुक्यात बुडालेला, बहुतेकदा दिसतच नाही. उलट दक्षिणेकडे मे महिन्यात त्रिशंकू छान वर आलेला असतो, तो त्या पुण्यातून इतका उंच कधी बघणार? नातवंडांना दाखवू देत. दिवाळीत गेलात तर त्रिशंकू नाही, पण मग पहाटे उठलात तर अगस्ती आहे. खलाशी दिवे लावतात, त्यांना पाच मिनिटं बंद करायला सांगितलं तर करतात.

खलाशांशी बोलायची एक रीत ठेव. मुख्य माणसाला ते केयोळु म्हणतात, आपल्या तांडेलासारखा. पाणी कुठे ओढ घेतंय, कुठल्या टेकाडावर आज मासा आहे हे त्याला ठाऊक. आपण कोकणातले, म्हणून जावईबापू किंवा तू त्याला जागा सुचवायला जाल. ते करू नका. आपला समुद्र चिखलाचा, नद्यांच्या तोंडाचा, उथळ. त्यांचा प्रवाळाचा, कड्यासारखा एकदम खोल जाणारा. तो म्हणाला ‘दोरी वर घ्या, जागा बदलू’ की लगेच घ्यायची. वाकडं तोंड करायचं नाही. उतरताना त्यांना हातात बक्षिसी द्या. बिलात सेवाशुल्काचे दहा टक्के असतात, पण हातात दिलेलं वेगळं. आणि किंमत विचारताना करासह विचारा. पर्यटन कर जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला आहे. कागदावर लिहिलेला आकडा आणि शेवटी द्यायचा आकडा यात बराच फरक पडतो. मासा शिजवून द्यायचे वेगळे पैसे लावतात का, हेही त्याच वेळी.

मालेत एक दिवस असाल तर दुपारनंतर मासळी बाजारात मुलांना ने. कुपे उतरतात तेव्हा बघण्यासारखं असतं. त्या देशाची खरी मासेमारी म्हणजे ही: भल्या पहाटे निघायचं, आधी प्रवाळावर जाळ्यानं बारीक जिवंत मासे धरायचे, ते टाकीत जिवंत ठेवायचे, मग भर समुद्रात कुप्यांचा थवा दिसला की ते मूठमूठ फेकायचे आणि वरून पाण्याचे फवारे उडवायचे. कुपा बावचळून वर येतो. मागे उभे असलेले लोक लांब काठीनं एकेक मासा उचलतात आणि खांद्यावरून मागे टाकतात. त्यांच्या गरीला मागचा काटा नसतो, म्हणून मासा आपोआप सुटून फळीवर पडतो आणि गरी लगेच परत पाण्यात. एक काठी, एक मासा. जाळ्यात अडकणारी डॉल्फिनं-कासवं यात सापडत नाहीत, आणि त्यासाठीच या कुप्याला २०१२ मध्ये टिकाऊ मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. चौदाव्या शतकात इब्न बतूता तिथे काझी होता. लाल मांसाच्या, वाळवून परदेशी पाठवल्या जाणाऱ्या या माशाबद्दल त्यानं लिहून ठेवलंय.

आणि खाणं. रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात दिलंत तर सगळे मासे लोणी-लसूण लावून आणतील. आधीच सांग, एक तिथल्या पद्धतीनं करा. प्रवाळातल्या फार मोठ्या माशाचा, विशेषतः मोठ्या बाराकुड्याचा आणि जुन्या मोठ्या गोबऱ्याचा हट्ट धरू नका. काही प्रवाळातल्या माशांत एक विष साठतं, ते शिजवून जात नाही. ओठ-बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, गार वस्तू गरम लागते. खलाशी ज्याला ‘खाऊ नका’ म्हणेल त्याला नाही म्हणायचं. मासे धोणीवरच बर्फात घालून ठेवायला सांग. कुपा उन्हात किंवा उबेत पडून राहिला तर त्याच्यानं अंगावर गांध्या उठतात, ताजा दिसला तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मास हुनी माग: कुपा, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू असं हातानं कालवलेलं, सोबत रोशी म्हणजे आपली पोळीच. धाकटासुद्धा खाईल. दुपारी गरुधिया, कुप्याचं पातळ पाणी, भातावर. मला वाटतं आपल्या माणसाला त्यात तिखट कमी लागेल. कुटलेली मिरची मागायची. सासूबाईंसाठी कुठल्याही भाजीत वाळका मासा नाही ना, हे जेवण सांगतानाच विचारायचं, कारण तिथे चवीला तो टाकून देतात आणि त्यात मासा आहे असं त्यांना वाटतच नाही.

ताजा मासा विमानातून आणायच्या भानगडीत पडू नका. विमानतळाजवळ कुप्याचे डबे मिळतात, फेलिवारूचे घे. वाळवलेला हिकिमस मिळाला तर माझ्यासाठी एक पाकीट, हवाबंद असलेलं. लाकडासारखा टणक असतो, किसून घ्यावा लागतो. तुझ्या बाबालाही आवडेल, पण त्याला आधी सांगू नकोस, नाहीतर दोन आणायला लावील.